मुठेच्या काठाने: आत्याला 'नदी' दाखवायची आहे, काय काय दाखवू?

सावली

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरहून माझी आत्या आणि आतोबा दोन दिवसांसाठी येताहेत. आत्या इतिहासाची शिक्षिका होती, आता निवृत्त. शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग, पर्वती सगळं तिचं आधीच पाहून झालंय. या वेळी फोनवरच हुकूम सुटला, "मला मुठा दाखव. अर्धी पेशवाई त्या नदीच्या काठी घडली आणि तुम्ही पुणेकर नदीचं नावसुद्धा काढत नाही."

तर मला काठाकाठाने जाणारा बेत हवा आहे. मध्ये बसायला बागा हव्यात, कारण आतोबांचे गुडघे दुखतात. बरोबर आमचे चिरंजीव, इयत्ता पाचवी, त्यांना फलक वाचण्यात रस नाही. गाडी आहे, मेट्रोचीही तयारी आहे.

एकच विनंती: "नदी कसली, गटार आहे ते" एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू. ते मला रोज पुलावरून जाताना कळतं.

टवाळ कार्टं

आत्यांना जुलैत बोलवायचं होतं ना. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला की अख्खं पुणं छत्री घेऊन नदी बघायला येतं. तिकीट नाही, फलक नाही, कणीस मात्र मिळतं.

पेठकर

विषय आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागणार. बसून वाचा.

पहिली गोष्ट, पेठांमधली मुठा गाडीतून बघायला जाऊ नका. पुलावर गाडी थांबवता येत नाही आणि पुलाखेरीज नदी दिसत नाही. चालत बघा, नाहीतर मेट्रोतून बघा. सकाळी सातला निघालात तर दहापर्यंत आटपेल.

सुरुवात नानासाहेब पेशव्यांच्या समाधीपासून करा. पूना हॉस्पिटलजवळ, काठाला लागून आहे. बहुतेक पुणेकरांना ही समाधी ठाऊकच नसते. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ ला पर्वतीवर वारले. कात्रजच्या तळ्यातून दगडी नळाने शहरात पाणी आणलं ते याच माणसाच्या कारकिर्दीत. पर्वती बघायला सगळे जातात, इथे कुणी येत नाही.

तिथून लकडी पूल चालत पाच-सात मिनिटं. पानिपताहून परतणाऱ्या सैन्याला लोकांच्या नजरा चुकवून शहरात येता यावं म्हणून तो घाईने लाकडात बांधला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी आत्यांनी ठरवावी, त्या शिक्षिका आहेत. लाकूड जाऊन कधीच दगड आला, कागदोपत्री नाव संभाजी पूल झालं, तरी रिक्षावाल्याला 'लकडी पूल'च सांगावं लागतं.

पुलावरून खाली बघा, नटेश्वर घाट दिसेल. अनंत चतुर्दशीनंतर दीड-दोन महिन्यांनी तुम्ही जाणार, त्यामुळे घाट रिकामा असेल. विसर्जनाच्या रात्री जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे या दिवसांत निवांत उभं राहता येतं.

मग शनिवार पेठेच्या काठाने ओंकारेश्वर. माझ्या मते सबंध मुठेकाठी बघण्यासारखं एकच ठिकाण निवडायचं झालं तर हे निवडावं. थोरल्या बाजीरावांच्या काळातलं देऊळ, आत शिरताच रस्त्याचा आवाज मागे पडतो. आवारात चिमाजी अप्पांची समाधी आहे. मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि डिसेंबर १७४० मध्ये अप्पा गेले. त्याच वर्षी एप्रिलात बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले होते. एका वर्षात दोघे भाऊ, एक नर्मदेच्या काठी आणि एक मुठेच्या. आत्या इथे अर्धा तास तरी काढतील, तेवढा वेळ हाताशी ठेवा. एकेकाळी शेजारीच शहराचं स्मशान होतं, म्हणून जुनी माणसं 'ओंकारेश्वरावर गेला' असं म्हणायची ते वेगळ्याच अर्थाने. आतोबांसमोर म्हणू नका.

शेवट शिवाजी पुलावर. १९२३ साली झाला, तेव्हा गव्हर्नर लॉईडचं नाव होतं. शनिवारवाड्याशी मेळ बसावा अशा ढंगाचं दगडी बांधकाम आहे. शंभरी उलटली तरी पेठेत तो अजून 'नवा पूल'च. पुलावर उभं राहून शनिवारवाड्याकडे तोंड करा. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे, म्हणजे नदीच्या दिशेने उघडतो. आत आधी गेला असलात तरी वाडा आणि नदी यांचं नातं या जागेवरूनच कळतं.

खाण्याचं: नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ किंवा डेक्कनला गुडलकचा बनमस्का. या दोन्हींवर वाद नको.

निवांत

@पेठकर, वाद नको कसा? पेठेत राहून मिसळीला पहिला नंबर देताय तो सवयीने, चवीने नव्हे.

बाकी धागा वाचनखुणेत टाकला आहे. नोव्हेंबरात वास किती असतो हे कुणी खरं सांगेल का? माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे.

औंधवासी

@निवांत, सप्टेंबरअखेरपर्यंत धरणातून पाणी सुटत असतं, तेव्हा पात्र धुऊन निघालेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस किती लांबला त्यावर अवलंबून. फेब्रुवारीनंतर मात्र पेठांमधल्या पात्रात जे वाहतं ते बहुतांश सांडपाणीच, धरणाचं पाणी कालव्याने जातं. मे महिन्यात कुणालाही नदी दाखवायला नेऊ नका. दम्याच्या माणसाने सकाळी पुलांवर थांबावं, पात्रातल्या रस्त्यावर उतरू नये. संध्याकाळी डास असतात.

डेक्कनकर

आतोबांच्या गुडघ्यांचं बघता मी उलटं सांगेन. पेठकरांचा बेत तब्येतीच्या माणसाला ठीक आहे, पण आतोबांना मेट्रोत बसवा. डेक्कनपासून छत्रपती संभाजी उद्यान आणि पुढे पीएमसी (महापालिका) स्टेशनपर्यंत मार्ग नदीच्या काठाकाठाने खांबांवरून जातो. पेठांच्या मागच्या बाजू, घाट, ओंकारेश्वराचा कळस, सगळं वरून दिसतं. डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्टेशनांची छपरं मावळी पगडीसारखी केली आहेत, ती खालून बघण्यात मजा आहे. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे. काठावरच्या फिरण्यात स्वच्छतागृह हा सगळ्यात अवघड विषय असतो हे बायकांना वेगळं सांगायला नको.

संभाजी उद्यानात उतरा. जंगली महाराज रस्त्याकडून सगळे ओळखतात, पण बागेची मागची बाजू नदीला लागते. दिवाळीत तिथे महापालिका किल्ल्यांच्या प्रतिकृती मांडते. चिरंजीवांच्या सुट्टीशी जमत असेल तर तारीख त्याप्रमाणे ठरवा, पोरं तिथून हलत नाहीत. आणि रस्ता ओलांडून थोडं चाललात की पाताळेश्वर. आठव्या शतकाच्या सुमाराचं, राष्ट्रकूट काळातलं, एका खडकातून कोरलेलं लेणं. गोल नंदीमंडप बघून मुलगासुद्धा गप्प होईल. नदीपासून ते इतकं जवळ आहे हे नकाशा बघेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

सावली

वा, एका दिवसात एवढं! पेठकर, डेक्कनकर, दोघांचे बेत जोडते. आत्या आणि मी चालतो, आतोबा आणि चिरंजीव मेट्रोने, संभाजी उद्यानात भेट. आता दुसरा दिवस रिकामा आहे. संगम आणि बंडगार्डन करावं का? तिकडे कामं सुरू आहेत असं ऐकते.

संगमवाडीकर

करावंच. नोव्हेंबरात येताय तर संगमावर इतिहासाच्या बाईंना आणायलाच हवं.

मुळा आणि मुठा जिथे भेटतात तिथे इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या त्यांच्या वकिलाचं ठाणं होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी तो वकील, एल्फिन्स्टन, तिथून निघून नदीपलीकडे आपल्या फौजेला जाऊन मिळाला आणि मागे पेशव्यांच्या माणसांनी रेसिडेन्सी जाळली. त्याचा ग्रंथसंग्रह, कागदपत्रं सगळं गेलं. पुण्याच्या राज्याचा शेवट जवळजवळ या काठावर सुरू झाला म्हणा. वर्गात खडकीची लढाई दोन ओळींत संपते, पण संगम पुलावर उभं राहून बघितलं की रेसिडेन्सी, खडकी आणि शनिवारवाडा यांमधली अंतरं लक्षात येतात. शत्रू वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसला होता!

पुलाजवळच सीआयडीच्या आवारात वासुदेव बळवंत फडक्यांचं स्मारक आहे. १८७९ मध्ये पकडल्यावर त्यांच्यावर पुण्यात खटला चालला. सरकारी आवार आहे, आत जायला विचारावं लागतं. पलीकडे संगमवाडीत लहुजी वस्ताद साळवे यांची समाधी. वस्तादांचं निधन १८८१ चं. एका पुलाच्या दोन टोकांना ही दोन नावं आहेत, पण आमच्या भागात यायचं कुणाला सुचत नाही, सगळे संगमवाडीला खासगी बस पकडायलाच येतात.

अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लबही इथलाच. विद्यार्थ्यांच्या रेगाटाच्या, म्हणजे नौकामहोत्सवाच्या दिवसांत नदीत होड्या बघून लोक चकित होतात.

कॅम्पातली

बंडगार्डनबद्दल मी सांगते, लहानपण तिथेच गेलं.

बाग नंतरची, आधी बंधारा. १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर तो घातला, छावणीला पाणी मिळावं म्हणून. मग त्याच्या काठाला बाग आली, बँडस्टँड आला, संध्याकाळी बग्ग्या येऊ लागल्या. आता बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे. फाटकावर ते वाचून पाहुणे परत फिरतात, तुम्ही फिरू नका.

शेजारचा फिट्झजेराल्ड पूल १८६७ चा. रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन सेलनने बांधला, दगडी कमानींचा. दोन्ही टोकांना सिंह आहेत. सिंहाचा एक पंजा गोळ्यावर ठेवलेला असतो, तो चिरंजीवांना शोधायला सांगा. गर्दीची वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून जाते, त्यामुळे जुन्या पुलाकडे नीट बघता येतं. पाणी भरपूर असेल तर बंधाऱ्यावरून पडताना छान आवाज येतो. जलपर्णी असेल तर मात्र हिरवा गालिचा आणि त्यावर बगळे.

पूल ओलांडला की टेकडीवर तारकेश्वराचं देऊळ. पायऱ्या आहेत, आतोबांनी खालीच थांबावं. त्याच बाजूला पर्णकुटी, लेडी ठाकरसींचा बंगला. मे १९३३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला तो तिथे. बंगला खासगी, फक्त बाहेरून.

आणि तिथवर गेलात तर आगाखान पॅलेस सोडू नका. नदीपासून फार लांब नाही, आवार ऐसपैस, झाडं जुनी, बसायला बाक. आतोबांची खरी सोय तिथे आहे.

इतिहासवेडा

@कॅम्पातली यांच्या शेवटच्या ओळीला जोड.

आगाखान पॅलेस १८९२ चा, सुलतान महंमद शाह म्हणजे तिसऱ्या आगाखानांनी बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं हा हेतू सांगितला जातो. पण आपण जातो ते १९४२ साठी. ९ ऑगस्टला गांधीजींना पकडून इथे आणलं आणि १५ ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथेच वारले. अटकेला आठवडाही झाला नव्हता. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले तेव्हा या दोघांना मागे ठेवून बाहेर पडले. समाध्या आवाराच्या मागच्या भागात आहेत. कस्तुरबांच्या समाधीच्या जागेची रचना तेव्हाचे तरुण वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी साठच्या दशकात केली, अगदी साधी. लोक दालनांतले फोटो बघतात, बागेत सेल्फी काढतात आणि समाध्यांपर्यंत जातच नाहीत.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी वास्तू देशाला दिली. २००३ पासून राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे आणि त्या नियमांमुळेच मेट्रोचा मार्ग नगर रस्त्यावरून सरळ न जाता कल्याणीनगरातून वळवावा लागला. कल्याणीनगर स्टेशनवर उतरून रिक्षा करा.

काठावरचा अभियंता

कामांबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा आहे, भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. आधी हात घातला तो संगमवाडी ते बंडगार्डन या पट्ट्याला. त्यामुळे तिथे काही ठिकाणी नवी पायवाट दिसेल, काही ठिकाणी पत्रे आणि माती. जायच्या आदल्या दिवशी कुणाकडून तरी खात्री करून घ्या.

माझं मत विचाराल तर काम आवश्यक आहे. नदीकडे पाठ करून बसलेल्या शहराला काठावर यायला वाट तरी मिळेल. लोक रोज काठावर आले की घाण टाकणाऱ्याला विचारणारंही कुणीतरी असेल.

हिरवा बावटा

@काठावरचा अभियंता, वाट मिळेल आणि झाडं जातील. २०२३ च्या उन्हाळ्यात लोक झाडांना मिठ्या मारायला रस्त्यावर आले ते उगाच नव्हे. आधी सांडपाणी पूर्ण शुद्ध करा, मग काठ सजवा. घाणेरड्या पाण्याच्या कडेला ग्रॅनाइटचे बाक टाकून कोण बसणार आहे? शिवाय दोन्ही बाजूंनी भराव घालून पात्राचा गळा आवळला तर पुराचं पाणी घरांत शिरणार. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत काय झालं ते सिंहगड रस्त्यावरच्यांना विचारा.

काठावरचा अभियंता

सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प वेगळ्या योजनेत आहेत आणि तेही चालू आहेत. दोन्ही कामं एकाच वेळी का होऊ नयेत? एकतानगरी पूररेषेत उभी राहिली याचा दोष काठ सुधारणाऱ्यांवर कसा?

हिरवा बावटा

पूररेषेत बांधायला परवानगी कोण देतं, आणि आता तीच पूररेषा सरकवायला कोण निघालंय, एवढं सांगा म्हणजे झालं.

सावली

दोघांचंही पटतंय, म्हणून घाबरून विनंती करते, यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येईन मी. इथे आत्या आहे.

माई

मुली, या गर्दीत मी उशिरा आले. तुझ्या आत्याच्या वयाची आहे.

नदीचं सगळं सांगितलंत, पण १२ जुलै १९६१ कुणी सांगितलं नाही. पानशेत धरण बांधून पुरतं झालं नव्हतं, आतल्या मोरीचं काम अपुरं होतं आणि मातीचा बांध खचायला लागला. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली. सकाळी पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं. लकडी पुलावरून पाणी वाहिलं. आम्ही नारायण पेठेत वाड्याच्या माडीवर होतो. खालच्या खणातली भांडी तरंगत होती आणि माझी आजी "शिडी ओढून घ्या" एवढंच म्हणत होती. पाणी ओसरल्यावर गाळ काढायलाच किती दिवस गेले. अंगणात कुणाचा तरी लाकडी पाट आला होता, तो आम्ही पुढे वर्षानुवर्षं वापरला. मालक कधी आलाच नाही.

पेठांमधले कितीतरी वाडे त्या पुरात बसले. नंतर लोकांना वसवायला शहराबाहेर पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, सहकारनगरसारख्या. आज जे पुणं पसरलेलं दिसतं त्याची एक सुरुवात त्या दिवसात आहे. पेठांत काही जुन्या भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या खुणा अजून आहेत. मुलाला दाखव, डोक्यावर हात उंच करूनही पोचणार नाही. त्याला तेवढं पुरे.

आत्याला विचार, सोलापुरात तेव्हा बातमी कशी पोचली होती.

टवाळ कार्टं

माई, दंडवत. पुढचे दोन दिवस मी विनोद करत नाही.

धरणवाला

माईंच्या प्रतिसादाला धरून: वेळ मिळाला तर आत्यांना खडकवासल्यालाही न्या. लोक तिथे भजी आणि कणसं खायला थांबतात, खाऊन परततात. धरण एकोणिसाव्या शतकातलं, १८७९ ला पुरं झालं, तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांची आपोआप उघडणारी दारं पहिल्यांदा इथे बसली. पाण्याची पातळी ठराविक उंचीच्या वर गेली की दारं आपली आपण उघडतात आणि खाली आली की मिटतात, माणूस लागत नाही. पुढे ती कल्पना ग्वाल्हेरजवळ तिगऱ्याला आणि म्हैसूरजवळ कृष्णराजसागरला गेली. पाचवीतल्या मुलाला हे नक्की आवडेल. धरणाच्या भिंतीवर जाऊ देत नाहीत, रस्त्यावरूनच बघायचं. रविवार टाळा, सिंहगडाची गर्दी त्याच रस्त्याने येते.

वाटेत विठ्ठलवाडी लागते. आषाढीला तिथे अर्धं पुणं लोटतं, एरवी देऊळ शांत. जीवितनदी नावाची संस्था काठावरून नदीफेऱ्या काढते, त्यात विठ्ठलवाडीचा पट्टाही असतो. त्यांच्या फेरीची तारीख जुळली तर माहितगार माणूस बरोबर मिळेल.

शेकाट्या

पक्षी कसे कुणालाच आठवले नाहीत?

दुसऱ्या दिवशी पहाटे सोलापूर रस्त्याने कवडीपाटला जा. लोणी काळभोरच्या अलीकडे, जुन्या टोलनाक्याजवळून आत वळायचं. मुळा-मुठेवर एक ठेंगणा पूल आहे, त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पक्षी. नोव्हेंबरात चक्रवाक आलेले असतात, तांबूस-नारिंगी, जोडीजोडीने. शेकाट्या, चित्रबलाक, नदीसुरय, काळा शराटी, धोबी आणि हवेत एका जागी थांबून पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या. खंड्याचा तो प्रकार चिरंजीव घरी येऊन करून दाखवतील.

शहराचं सांडपाणी याच पाण्यात असतं, म्हणूनच काही पक्ष्यांना इथे खाणं मिळतं. पाणी उथळ, गाळात किडे भरपूर, माझ्या नावाचा पक्षी तर अशा पाण्यात खूश असतो. त्यामुळे पक्षी आहेत म्हणजे नदी चांगली आहे, असं आत्यांना सांगू नका. पुलाच्या खांबांना अडकलेलं प्लास्टिक बघून त्या तुम्हाला ओरडतीलच.

साडेसहाला तिथे हजर. दुर्बीण असेल तर घ्या. कपडे भडक नकोत.

कल्याणीनगरजवळचं सलीम अली अभयारण्यही नदीकाठीच आहे, पण तिथली कचऱ्याची अवस्था बघता पाहुण्यांना घेऊन मी जाणार नाही.

निवांत

कवडीपाटपर्यंत गेलात तर थेऊर सोडून परत येऊ नका. त्याच रस्त्याने पुढे थेऊर फाट्यावरून आत. चिंतामणीच्या देवळात सगळे जातात, पण इतिहासाच्या बाईंसाठी कारण वेगळं. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला तिथे गेले, क्षयाने, वय अवघं सत्तावीस. रमाबाई सती गेल्या, त्यांचं स्मारक नदीच्या काठाला आहे. मुठेकाठी नानासाहेबांच्या समाधीपासून निघून त्याच पाण्याच्या काठाने माधवरावांपर्यंत जाता येतं. पानिपताने वडील गेले आणि सगळं सावरून मुलगा इथे संपला.

पेठकर

@निवांत, मिसळीचं विसरलो तुमचं, हा प्रतिसाद फार चांगला लिहिलात.

पाषाणकर

पु. ल. देशपांडे उद्यान कसं नाही यादीत? दहा एकर, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं, आतोबांना चालायला सपाट.

डेक्कनकर

छानच आहे, पण ते सिंहगड रस्त्यावर आतल्या बाजूला आहे. मुठा तिथून दिसत नाही.

पाषाणकर

मुठेपासून फार लांब नाही की! तेवढ्याने यादीत बसतं.

सावली

बसवलं. खडकवासल्याहून परतताना.

आत्याला फोनवर धागा वाचून दाखवला. माईंचं वाचताना ती मध्येच थांब म्हणाली. त्या वर्षी सोलापुरात त्यांच्या शाळेत पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा केलं होतं, मुठी-मुठीने, हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं. माई, तिला तुम्हाला भेटायचं आहे. विपू (विचारपुशीत निरोप) करते.

आता अडचण अशी: आत्या म्हणते दुसऱ्या दिवशी आधी आगाखान, तिथल्या समाध्यांना सकाळची वेळ हवी. आतोबा म्हणतात पहाटे पक्षी. चिरंजीव पक्ष्यांच्या बाजूने. शिवाय आत्याने टिळकांची खोली आणि मराठ्यांच्या इतिहासाचं संग्रहालय बघायला येरवड्याचं डेक्कन कॉलेजही यादीत घुसवलंय. हे सगळं एका दिवसात बसतं का?

शेकाट्या

बसतं, क्रम असा लावा. साडेसहा ते साडेआठ कवडीपाट, मग नाश्ता, मग थेऊर, साडेअकरापर्यंत परत. चतुर्थी असेल तर थेऊरचा नाद सोडा, रांगेत दुपार होईल. सूर्य वर आला की पक्षी पांगतात, समाध्या दुपारनंतरही तिथेच असतात. आत्यांना तेवढं पटेल.

इतिहासवेडा

दुपारी जेवून डेक्कन कॉलेज, तिथून आगाखान. डेक्कन कॉलेजला आधी फोन करून जा, सुट्टीच्या दिवशी संग्रहालय बंद मिळेल. मूळ संस्था १८२१ ची, दगडी इमारत १८६० च्या दशकातली. आगाखानला संध्याकाळी बंद व्हायच्या आत तासभर तरी हाताशी ठेवा.

संगमवाडीकर

आणि संगम?

सावली

संगम पहिल्या दिवशी, मेट्रोने. जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरून रिक्षा. फडक्यांच्या स्मारकासाठी परवानगी कुठे मागायची तेवढं कळवा.

संगमवाडीकर

फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगायचं, ओळखपत्र जवळ ठेवायचं. सणाच्या किंवा बंदोबस्ताच्या दिवशी नाही म्हणू शकतात. तसं झालं तर पलीकडे लहुजी वस्तादांच्या समाधीवर या, तिथे कुणी अडवत नाही. मी शनिवारी घरीच असतो, विपू करा, चहा आमच्याकडे.